उलट्या पिळाची गाठ

आमच्या घरात गाठी मी बांधतो. स्वयंपाक कुणीही करतं, बिलं कुणीही भरतं, पण शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फडकं अंथरून रविवारच्या मासेमारीचे दोन लीडर तयार करायचे, ते मीच. एक माझा, एक बायकोचा. ती समोर चहाचा कप घेऊन बसते आणि मी बांधतो. लग्न झाल्यापासून हे असंच चालत आलंय आणि यात काही बदलेल असं माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

ज्यांना माशीच्या मासेमारीतलं काही ठाऊक नाही त्यांना आधी थोडं सांगतो, नाहीतर माझं पुढचं दुःख वाया जायचं. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात. ती ज्या दोरीने फेकायची ती जाड आणि रंगीत असते. माशाला ती दिसली की खेळ खलास. म्हणून दोरी आणि माशी यांच्या मध्ये एक पारदर्शक धागा लावतात, वरून जाड आणि खाली बारीक होत गेलेला. तो लीडर. त्याच्या टोकाला आणखी बारीक धाग्याचा तुकडा जोडतात, त्याला आम्ही शेपूट म्हणतो. ही जोडणारी गाठ कच्ची निघाली तर मासा, माशी आणि अब्रू तिन्ही एकदम जातात. धागा दोन प्रकारचा मिळतो. नायलॉनचा मऊ, थोडा ताणला जाणारा, पाण्यावर राहणारा. फ्लोरोकार्बनचा ताठ, महाग, पाण्यात न दिसणारा आणि हळूहळू बुडणारा. मी नायलॉनवाला. माशी पाण्यावर तरंगावी, माशाने वर येऊन ती घ्यावी आणि ते आपल्या डोळ्यांना दिसावं, अशी माझी मासेमारी. म्हणजे अर्थात आमच्या दोघांची.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि बायको दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर माणसांच्या आत बघून ती घरी येते, तेव्हा माझ्यात बघण्यासारखं तिला काही उरत नसावं. हे मी चेष्टेत म्हणतो, पण पूर्ण चेष्टेत नाही. ती कुणाशी हसून बोलली की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. तिच्या विभागातला डॉक्टर, शेजारचे निवृत्त पोस्टमन, एवढंच काय, तिने पाळू या म्हटलेला कुत्रा, या सगळ्यांचा मी मत्सर केला आहे. कुत्रा आणला नाही.

तर त्या रविवारी नदीवरून आल्यावर मी नेहमीप्रमाणे दोन्ही लीडर पुसले आणि खिडकीशी वाळत लावले. वाळवताना मी धागा दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत सरकवतो, कुठे ओरखडा असला तर बोटाला लागतो. माझा ठीक होता. तिच्या लीडरवर बोट गाठीपर्यंत आलं आणि अडलं. गाठीखालचा धागा ताठ होता. नायलॉन नव्हताच तो. शनिवारी मी जोडलेली शेपूट नदीवर कुणीतरी बदलली होती.

मी डोळ्याला भिंग लावलं.

गाठ ब्लड नॉटच होती, दोन्ही धागे एकमेकांभोवती वेढे देऊन मधोमध टोकं बाहेर काढलेली. सुबक होती. टोकं अगदी जवळून कापलेली. पण वेढ्यांचा पीळ उलटा होता. माझ्या हाताने दिलेले वेढे ज्या बाजूला चढतात त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला हे चढत होते. घड्याळात काही स्क्रू उलट्या आट्यांचे असतात. ज्याला माहीत नाही तो ते सोडवायच्या नादात आणखी आवळत बसतो आणि मोडून ठेवतो. त्यामुळे उलटा आटा मला अंधारातही कळतो. ही गाठ डावखुऱ्या माणसाची होती.

आमच्या मासेमारीच्या क्लबात डावखुरा माणूस एकच आहे. शिंपी.

शिंपी उंच आहे, केस सगळे शाबूत आहेत आणि तो गोष्टी सांगतो. क्लबच्या खोलीत शेगडीभोवती सगळे ओले मोजे वाळवत बसलेले असतात आणि हा उभा राहून हातवारे करत सुटलेल्या माशांच्या कहाण्या सांगतो. माझी बायको हसताना मान मागे टाकते. माझ्या विनोदांना ती कपाकडे बघत हसते. शिवाय शिंपी फ्लोरोकार्बनचा एवढा भक्त आहे की नायलॉनला तो सुतळी म्हणतो. आणि गेल्या हिवाळ्यात तिने मासेमारीचं जाकीट खिसे लावून घ्यायला त्याच्याकडेच टाकलं होतं. एकेक खिसा मला आठवायला लागला.

ती स्वतः बांधेल हा विचारसुद्धा मला शिवला नाही. रविवारी तिच्या बुटांच्या नाड्याही मीच बांधतो. तिच्या हातांना हे काम जमणार नाही असं मी कधी बोललो नव्हतो, पण मला तसं ठाम माहीत होतं.

मी ती गाठ कापून काढली, घड्याळाचे सुटे भाग ठेवतो त्या डबीत टाकली आणि तिच्या लीडरला माझ्या हाताने नायलॉनची नवी शेपूट जोडली. तिला विचारायला तोंड होतं, उत्तर ऐकायची छाती नव्हती.

सोमवारी मी एक धडकी पँट घेऊन शिंप्याकडे गेलो.

"या, या, घड्याळवाले! आज वाट चुकलात?"

"पँट लांब होतेय, मास्तर."

त्याने मला स्टुलावर उभं केलं. इस्त्रीची वाफ, खडूची पूड, भिंतीवर ती मोठी डाव्या हाताची कात्री. आणि शिवणाच्या रिळांच्या रांगेत, बिनदिक्कत, फ्लोरोकार्बनचं रीळ. माझी नजर तिथून हलेना.

"किती कमी करू?"

"हं."

"हं काय? दोन बोटं?"

"हं."

"की चार?"

"हं," मी म्हणालो. "मास्तर, एक ब्लड नॉट बांधून दाखवता का? हल्ली मला नीट दिसत नाही."

"घड्याळवाल्याला दिसत नाही? मग आमच्या घड्याळांचं कसं व्हायचं!" तो खदाखदा हसला, पण त्याने रीळ काढलं आणि उभ्या उभ्या गाठ बांधली. माझ्या डोळ्यांदेखत वेढे उलटे चढत गेले. मी तुकडा नमुना म्हणून खिशात टाकला.

"बाकी वहिनींनी काय मासा काढला हो त्या दिवशी!" तो माझ्या घोट्याशी वाकून म्हणाला. "पुलावरून बघितलं मी. बुधवारी आमचं दुकान बंद, मी पुलाशी असतो. त्या खाली डोहावर. तुम्ही नाही येत बुधवारचे?"

"बुधवारी तिची दुपारची पाळी असते."

तो गप्प झाला. तोंडात टाचण्या धरल्या होत्या म्हणून गप्प झाला, हे मला आज कळतं. त्या वेळी ती शांतता ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तळपायाशी तर तोच बसला होता.

घरी येऊन दोन्ही गाठी भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. पीळ एकच. आता पुरावा आणखी काय पाहिजे?

रात्री जेवताना ती म्हणाली, "ती पँट कशाला दिली? बरी होती की."

"लांब व्हायची."

"कालपर्यंत नव्हती होत."

"माणूस वयानुसार आखडतो."

तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि भाजी वाढली. मी ती चेहरा पाडून खाल्ली. चोरी तिची, आणि नजर चुकवतोय मी! पँट मंगळवारी मिळाली. चार बोटं म्हणजे चार बोटं. घोटे उघडे पडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बुधवारी दुपारी मी दुकान बंद केलं आणि नदीवर गेलो. डोहाच्या पलीकडच्या काठाला दाट झुडपं आहेत. त्यांच्यामागे मी दबा धरून बसलो. लहानशी माशी फेकून मोठा मासा काढणारा माणूस मी, आणि बसलो होतो उघड्या घोट्यांना डास चावून घेत. वरती पुलाशी शिंपी होता. लांबून सुद्धा त्याचा डावा हात ओळखू येत होता. मला त्याचा इतका राग आला होता की तो खाली कधी येतो याची मी वाटच बघत होतो. यावं, मला दिसावं, आणि मग मी उभं राहावं, असा माझा बेत होता. उभं राहून काय बोलायचं तेही ठरलं होतं. वाक्य फार चांगलं होतं.

बायको पायवाटेने आली. एकटीच. दवाखान्याचा डबा काठावर ठेवला, बुटांच्या नाड्या स्वतः आवळल्या. मग दांडी जोडली, लीडर सोडला आणि दगडावर बसली, माझ्या बरोबर समोर, मध्ये फक्त पाणी. धागा उन्हाकडे धरून तिने बघितला. मी जोडलेली शेपूट तिला दिसली. तिने खिशातून नखं कापायचं यंत्र काढलं आणि माझी गाठ कापली. काही विचार नाही, राग नाही. सैल झालेलं बटण काढावं तशी काढली आणि कचरा नको म्हणून तुकडा खिशात घातला.

मी मान वळवून पुलाकडे बघितलं. शिंपी आमच्याकडे पाठ करून दोरी फेकत होता.

मग तिने दुसऱ्या खिशातून एक रीळ काढलं, हातभर धागा तोडला आणि बांधायला लागली. मी बघत राहिलो. दोन टोकं एकमेकांवर. अंगठ्याने चिमूट. वेढे. मधल्या फटीतून टोक परत. तिचा डावा हात जे करत होता ते माझा उजवा हात करतो. तिने गाठ ओठांत धरून ओली केली. सगळेच करतात, कोरडी आवळली तर धागा घासून तापतो आणि कमकुवत होतो. पण त्यानंतर तिने गाठीवर एक बारीक फुंकर मारली. त्या फुंकरीचा काडीचाही उपयोग नसतो. घड्याळातली धूळ उडवण्यासाठी मी जन्मभर मारत आलो ती फुंकर, आणि सवयीने गाठीवरही मारतो. जगात दुसरं कुणी मारत नाही. सकाळी दाढी करताना आरशात मी स्वतःला बघतो, तसं त्या क्षणी पलीकडच्या काठावर मी मला बघितलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. शनिवारी शनिवारी ती टेबलापलीकडे बसून बघत होती. समोरून बघितलं, म्हणून डावं उजवं उलटं झालं. तिला शिकवलं मीच, आणि संशय घेतला बिचाऱ्या शिंप्याचा.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी बसून वाट बघितली, आता वाटेल, मग वाटेल. वाटलं नाही.

"डास चावत असतील," ती पाण्यावरून म्हणाली. मान वर न करता. "या अलीकडे. तिथे उथळ आहे."

मी पाण्यातून गेलो. पँट तेवढी भिजली नाही, त्याबद्दल शिंप्याचे आभार.

"कधी कळलं तुला मी येणार ते?"

"सोमवारी लीडर बघितला तेव्हा. गाठ बदललेली. आणि मग पँट." ती माशी लावत होती. वजनाची, बुडणारी. "आज दुकान कुणावर टाकून आलात?"

"बंद केलं. तुझी आज दुपारची पाळी होती ना?"

"बदलली ती. कधीच."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद करून आला असता."

आणि मी दुकान बंद करून आलेलोच होतो.

"गाठ बांधता येते हे तरी सांगायचंस."

"मग तुम्ही म्हणाला असता, दाखव बघू. मी दाखवली असती. तुम्ही भिंग लावलं असतं, छान आहे म्हणाला असता, आणि सोडवून परत बांधली असती."

"नसती सोडवली."

तिने खिशात हात घालून मघाशी कापलेला नायलॉनचा तुकडा काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा माशीकडे वळली. मी मूठ मिटली.

"आणि हा धागा? मास्तरांनी सुचवला?" मला अजूनही राहवत नव्हतं.

"दुकानातून आणला. बुडतो म्हणून आणला." ती उभी राहिली. "मला पाण्यावरची माशी नाही आवडत. वर काय चाललंय ते सगळ्यांनाच दिसतं. मला खाली सोडायला आवडतं. काही दिसत नाही, नुसतं बोटांना कळतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

पहिल्यापासून! म्हणजे एवढे रविवार ही बाई माझ्या शेजारी उभी राहून, मी बांधलेल्या धाग्याने, मी निवडलेली माशी, मी दाखवलेल्या जागी फेकत होती आणि मनातून खाली खोल कुठेतरी होती. शिंपी असता तर बरं झालं असतं, असं मला खरोखर वाटलं. माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. त्याच्या फ्लोरोकार्बनला नावं ठेवता आली असती. तो कधीतरी म्हातारा झाला असता, त्याचे केस गळले असते. या डोहाचं मी काय करू? बुधवारचं काय करू? मला त्या दगडाचा मत्सर वाटला, ज्यावर ती एकटी बसत होती. तिच्या त्या रिळाचाही वाटला.

"बसा," ती म्हणाली. "पण हात लावू नका."

मी दगडावर बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले. तिने दोरी फेकली. माझ्यासारखी नाही, मी लांब फेकतो, तिने अगदी जवळ, खडकाच्या कडेला टाकली आणि धागा बुडू दिला. चेहरा शांत होता. घरी मी तो तसा बघितलेला नाही, किंवा बघितला असेल तर मी गाठीकडे बघत असेन.

दांडी वाकली.

मासा मोठा होता. तो खडकाखाली शिरायला बघत होता, आणि धागा पाणी चिरत चालला होता. मी अर्धा उठलोच. "सैल सोड! दांडी वर! डावीकडे घे!"

"बसा," ती म्हणाली.

मी बसलो. बसलो आणि मनापासून इच्छा केली की ती गाठ सुटावी. लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं. फट्कन सुटावी, दोरी लुळी पडावी, तिने माझ्याकडे वळून बघावं आणि मी तिला म्हणावं, आण इकडे, मी बांधून देतो. शनिवार परत मिळावा. मी त्या गाठीकडे डोळे लावून बसलो होतो. मासा दोनदा खडकाशी गेला, दोनदा तिने वळवला. मग तो काठाशी आला, कुशीवर झाला, आणि तिने ओला हात त्याच्या पोटाखाली घातला. सोनेरी, काळ्या ठिपक्यांची ट्राउट, माझ्या आजवरच्या कुठल्याही माशापेक्षा मोठी. तिने गळ काढला, मासा प्रवाहाकडे तोंड करून धरला, आणि तो हातातून निघून गेला.

ती माझ्या शेजारी बसली. धाप लागली होती. गाठ दोन बोटांत धरून तिने ओढून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. दिवसभर लोकांच्या हाडांकडे बघते तसं.

"सुटावी असं वाटत होतं ना?"

नाही म्हणायला जीभ टाळूला लावली, पण निघेना. "हो," मी म्हणालो.

ती चिडली नाही, हसलीही नाही. मान हलवली आणि उठून पाण्यात उतरली. दोरी मागे घेत, पाठमोरीच म्हणाली, "पुढच्या बुधवारी दुकान उघडं ठेवा."